एकच मॉड यादी, वेगवेगळ्या दुकानांच्या प्रती: ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ स्टीमवरून एपिकवर नेताना

‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ ऑक्टोबर २०१० मध्ये आला. बनवला ऑब्सिडियन एंटरटेन्मेंटने, प्रकाशित केला बेथेस्डा सॉफ्टवर्क्सने. पीसीवर तो सुरुवातीपासून स्टीम या ऑनलाइन दुकानाला बांधलेला होता. २०१७ मध्ये तो गॉग या दुसऱ्या दुकानात बिनकुलपाचा, म्हणजे नकलप्रतिबंधाशिवाय, मिळू लागला आणि मे २०२३ च्या शेवटी एपिकने सगळ्या विस्तारांसह अल्टिमेट एडिशन एक आठवडा फुकट वाटली. तेव्हापासून एकाच माणसाकडे दोन-तीन दुकानांच्या प्रती असणं ही सर्रास गोष्ट झाली आहे आणि तिथूनच पुढचा घोटाळा सुरू होतो.

इथे मांडलेलं प्रकरण कुणा एका खेळाडूचं नाही. वारंवार दिसणारी एकच स्थिती पूर्ण तपशिलात एका जागी आणली आहे. फाइलींची आणि आज्ञांची नावं लेखात देवनागरीत आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत दिसतील आणि टाइपही तशीच करायची.

स्थिती

स्टीमवर फक्त मूळ गेम घेतलेला आहे, विस्तार एकही नाही. त्यावर सत्तरेक प्लगइनांची मॉड यादी बसवलेली आहे (मॉड म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, प्लगइन म्हणजे त्यांच्या फाइली). काही मॉड ‘मॉड ऑर्गनायझर २’ या मॉड सांभाळणाऱ्या साधनातून आलेले, तर काही जुन्या काळी थेट डेटा फोल्डरमध्ये टाकलेले. गेम ठीक चालतो. मग लक्षात येतं की एपिकच्या खात्यात अल्टिमेट एडिशन पडून आहे: डेड मनी, ऑनेस्ट हार्ट्स, ओल्ड वर्ल्ड ब्लूज, लोनसम रोड हे चार कथाविस्तार, शिवाय गन रनर्स आर्सेनल आणि कुरिअर्स स्टॅश. एपिकवरून गेम उतरवला जातो, स्टीमचा डेटा फोल्डर उचलून एपिकच्या फोल्डरमध्ये टाकला जातो आणि खेळ सुरू केला जातो.

पहिला परिणाम असा की गेम सुरू होतो, पण एकही मॉड दिसत नाही. फोल्डर ‘बरोबर जागी’ हलवल्यावर मॉड अर्धवट दिसतात. विराम मेनूमधली मॉड कॉन्फिगरेशनची ओळ, म्हणजे एमसीएम, गायब असते आणि काही मॉड एक्सएनव्हीएसई (गेमला नव्या आज्ञा जोडून देणारं साधन) सापडत नसल्याचा निरोप देतात. त्याचा एनव्हीएसई लोडर एपिकच्या फोल्डरमधून चालवला तर तो गेमची एक्सई, म्हणजे चालणारी प्रोग्राम फाइल, ओळखत नाही आणि थांबतो. मग स्टीमच्या फोल्डरमधली फॉलआउटएनव्ही.एक्सई एपिकच्या फोल्डरमध्ये डकवली जाते. ती स्टीमच्या कुलपाची असल्याने स्टीमकडे धाव घेते. शेवटी मॉडांमधलं भांडण तपासायला एफएनव्हीएडिट हे साधन उघडलं तर त्यात विस्तार दिसतच नाहीत, कारण ते अजून जुन्या स्टीम फोल्डरमध्येच बघतं आहे.

या पाच लक्षणांची कारणं पाच वेगळी आहेत. सगळी एकाच वेळी समोर येतात म्हणून ‘एपिकची प्रत मॉडसाठी वाईट’ असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. गेमचा डेटा तिन्ही दुकानांत तोच आहे. निराळी आहे ती चालणारी एक्सई, आणि कोणती वस्तू कुठे ठेवली आहे ती जागा. म्हणून फोल्डर हलवायचा नाही, यादी हलवायची.

एक्सईवर सगळं का अडतं

गेमची शेवटची अधिकृत आवृत्ती १.४.०.५२५. एक्सएनव्हीएसई हा स्क्रिप्ट एक्स्टेंडर, तसंच त्यावर उभे असलेले जेआयपी एलएन, जॉनीगिटार, शोऑफ हे डीएलएल, म्हणजे कोडच्या स्वरूपातले, प्लगइन, चालू गेमच्या स्मृतीत ठरलेल्या पत्त्यांवर जाऊन मशीन कोड बदलतात. हा जुना ३२ बिटी प्रोग्राम दर वेळी स्मृतीत त्याच पत्त्यापासून चढतो, त्यामुळे पत्ते आधीच लिहून ठेवता येतात. इतक्या ताकदीचे मॉड या गेमला मिळाले ते याच सोयीमुळे. पण एक्सईची बांधणी वेगळी असली की तेच पत्ते भलत्याच कोडवर पडतात. म्हणून एक्सएनव्हीएसई आधी एक्सई ओळखतो आणि ओळख पटली नाही तर काम नाकारतो. हे नाकारणं उपकारच आहे, नाहीतर क्रॅशचं मूळ शोधणं अशक्य झालं असतं.

स्टीमची एक्सई कुलपाच्या आवरणात असते आणि सुरू झाल्यावर स्मृतीत उलगडते. गॉगच्या एक्सईला आवरण नाही. एपिकची एक्सई या दोन्हींहून निराळी आहे, म्हणून एक्सएनव्हीएसई चढवण्याआधी तिच्यासाठी एपिक गेम्स पॅचर नावाचं स्वतंत्र साधन चालवावं लागतं. एक्सबॉक्स गेम पासची प्रत मात्र एक्सएनव्हीएसईला चालतच नाही, तिथे कुठलाही पॅचर उपयोगी पडत नाही. फक्त पोत (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) किंवा साधे ईएसपी (मॉडच्या डेटा फाइली) बदलायचे असतील तरच ती प्रत मॉडसाठी घ्यावी. गंभीर यादी तिच्यावर उभारू नये.

स्टीमवर आणखी एक फाटा आहे. पोलंड, चेकिया आणि रशियासाठी विकली गेलेली प्रत ‘पीसीआर’ या वेगळ्या नोंदीखाली आहे. साध्या प्रतीचा स्टीम क्रमांक २२३८०, पीसीआरचा २२४९०. परदेशी चावी स्वस्तात घेऊन सक्रिय केली असेल तर दुकानाच्या पानाच्या पत्त्यातला हा क्रमांक आधी पाहा.

दुसरा मुद्दा स्मृतीचा. ३२ बिटी प्रोग्रामला विंडोज २ जीबी पत्त्यांची जागा देते. एक्सईच्या शीर्षकात ‘लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर’ नावाचा एक झेंडा असतो. तो लावलेला असेल तर ६४ बिटी विंडोजवर तीच मर्यादा ४ जीबी होते. मूळ गेमला २ जीबी पुरत होते. मोठे पोत, जादा शत्रू, नवे प्रदेश घातले की ते काही तासांत भरतात आणि गेम कसलाही निरोप न देता डेस्कटॉपवर आपटतो. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम असली तरी फरक पडत नाही, कारण अडचण रॅमची नसून पत्त्यांची आहे. गॉगची एक्सई हा झेंडा लावूनच येते, स्टीमची येत नाही.

‘एफएनव्ही ४ जीबी पॅचर’ हा झेंडा लावतो आणि एक्सएनव्हीएसई आपोआप चढेल अशी सोय एक्सईतच करतो. गॉगवाल्यांनीही तो चालवायचा तो या दुसऱ्या कामासाठी. एकदा पॅच बसला की नेहमीची फॉलआउटएनव्ही.एक्सई चालवायची, एनव्हीएसई लोडर वेगळा चालवायचा नाही. बऱ्याच जुन्या मार्गदर्शनांत ‘एफएनव्ही४जीबी.एक्सई’ नावाचा निराळा लाँचर सांगितलेला असतो. ते साधन मागे पडलं आहे, नव्या पॅचरबरोबर ते ठेवू नका.

फोल्डरची खोली

पहिलं लक्षण, म्हणजे एकही मॉड न दिसणं, अगदी साध्या कारणाने येतं. एपिकच्या फॉलआउटन्यूव्हेगास या फोल्डरमध्ये थेट गेम नसतो. आत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश अशा पाच भाषांचे पाच फोल्डर असतात आणि प्रत्येकात पूर्ण गेम असतो, स्वतःच्या डेटा फोल्डरसह. बाहेरच्या फोल्डरमध्ये टाकलेल्या फाइलींकडे कुणी बघतही नाही. इंग्रजीत खेळायचं असेल तर ‘फॉलआउट न्यू व्हेगास इंग्लिश’ हाच खरा गेम फोल्डर. जिथे फॉलआउटएनव्ही.एक्सई आहे तो फोल्डर, इतकी खूण पुरे. मॉड ऑर्गनायझरमध्ये गेमची जागा दाखवतानाही हाच आतला फोल्डर निवडायचा.

बाकीचे चार फोल्डर जागा खातात. हाताने काढले तर गेम अडत नाही, पण एपिकच्या लाँचरमधून फाइली पडताळल्या की ते परत उतरतात.

जागा ठरवताना प्रोग्राम फाइल्स टाळा, दुकान कुठलंही असो. तिथे विंडोजचं संरक्षण असतं. पॅचरला एक्सई बदलता येत नाही किंवा जुनी साधनं ज्या फाइली लिहितात त्या गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या भलत्याच फोल्डरमध्ये जातात. मग ‘बदल केला पण दिसत नाही’ असा भास होतो. एपिकमध्ये प्रतिष्ठापनेच्या वेळीच जागा बदलता येते, स्टीममध्ये स्टोरेजच्या सेटिंगमधून नवी लायब्ररी जोडता येते, गॉगच्या ऑफलाइन इन्स्टॉलरमध्ये जागा विचारली जाते. ‘डी:\गेम्स’ सारखा छोटा, रोमन अक्षरांतला मार्ग घ्या.

मराठी वाचकांसाठी यात एक खास अडचण आहे. विंडोजचं वापरकर्ता नाव देवनागरीत असेल तर दस्तऐवजांच्या फोल्डरच्या मार्गात देवनागरी अक्षरं येतात. २०१० सालचा हा गेम आणि त्याभोवतीची कित्येक साधनं युनिकोड मार्ग धरून लिहिलेली नाहीत. सेव्ह लिहिली न जाणं, आयएनआय (सेटिंगची फाइल) न सापडणं असे प्रकार त्यातून होतात. दिसणारं नाव बदलून उपयोग नाही, कारण फोल्डरचं नाव खातं बनवताना एकदाच ठरतं. रोमन नावाचं नवं स्थानिक खातं बनवून त्यातून खेळणं हा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग. कन्सोलमध्ये आज्ञा टाकण्याआधी कीबोर्डही इंग्रजीवर असल्याची खात्री करा.

वनड्राइव्ह हा दुसरा सापळा. नव्या विंडोजमध्ये दस्तऐवजांचा फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात जाण्याची शक्यता बरीच असते. गेमच्या आयएनआय आणि सेव्ह ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये, म्हणजे तिथेच असतात. सेव्ह लिहिली जात असतानाच वनड्राइव्हने फाइल धरली की सेव्ह बिघडते. दस्तऐवजांचं बॅकअप बंद करा, आणि विंडोज सिक्युरिटीतलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल तर गेमला परवानगी द्या.

‘माय गेम्स’मध्ये दोन प्रतींचे फोल्डर शेजारी दिसले तर खरा कोणता हे अंदाजाने ठरवू नका. मॉडशिवाय गेम एकदा चालवा, रिझोल्यूशन बदला, बाहेर या. ज्या फोल्डरमधल्या फॉलआउटप्रेफ्स.आयएनआय या फाइलीची वेळ आत्ताची झाली, तो खरा.

रजिस्ट्रीतली जुनी नोंद

एफएनव्हीएडिटला विस्तार न दिसण्याचं कारण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, आहे. बरीच साधनं गेमची जागा एचकेएलएम, सॉफ्टवेअर, वॉव६४३२नोड, बेथेस्डा सॉफ्टवर्क्स, फॉलआउटएनव्ही या क्रमाने खाली उतरून ‘इन्स्टॉल्ड पाथ’ नावाच्या नोंदीतून वाचतात. ती नोंद स्टीमच्या प्रतीने केलेली असते. नवी प्रत आली म्हणून ती आपोआप बदलेल असं गृहीत धरू नका. स्टीमची प्रत काढून टाकली तरीही नोंद मागे राहू शकते. मग साधन न मिळणाऱ्या फोल्डरची तक्रार करतं.

उपाय दोन. रेजएडिटमध्ये ती नोंद उघडून नवा मार्ग लिहायचा. दुसरा आणि स्वच्छ उपाय म्हणजे प्रत्येक साधन मॉड ऑर्गनायझरमधूनच चालवायचं, आणि एफएनव्हीएडिटच्या बाबतीत ‘-डी:’ या पर्यायाने डेटा फोल्डरचा मार्ग स्पष्ट द्यायचा. दोन प्रती शेजारी ठेवायच्या असतील तर दुसरा उपायच घ्या, कारण रजिस्ट्रीतली नोंद एकाच प्रतीकडे बोट दाखवू शकते.

प्रत्यक्ष स्थलांतर

आधी स्टीमची प्रत आहे तशीच राहू द्या. ती तुमची तुलनेची प्रत. नवी चालू झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही.

एपिकचा गेम प्रोग्राम फाइल्सबाहेर उतरवल्यावर मॉडशिवाय लाँचर एकदा चालवा. लाँचर ग्राफिक्स कार्ड ओळखतो आणि आयएनआय फाइली तयार करतो. ही पायरी गाळली तर पुढे मॉड ऑर्गनायझरला आयएनआय सापडत नाहीत. नवा खेळ सुरू करून डॉक मिचेलच्या घरात पोहोचा, सेव्ह करा, बाहेर या. इथेच गडबड झाली तर ती मॉडची नाही.

डेटा फोल्डरमध्ये दहा ईएसएम (गेमच्या आणि विस्तारांच्या मुख्य डेटा फाइली) आहेत ना ते पाहा: फॉलआउटएनव्ही, डेडमनी, ऑनेस्टहार्ट्स, ओल्डवर्ल्डब्लूज, लोनसमरोड, गनरनर्सआर्सेनल, आणि कुरिअर्स स्टॅशची चार पाकिटं, म्हणजे कॅराव्हॅनपॅक, क्लासिकपॅक, मर्सनरीपॅक, ट्रायबलपॅक. यातली एखादी कमी असेल आणि यादीतला एखादा मॉड तिच्यावर अवलंबून असेल, तर गेम मुख्य मेनू येण्याआधीच बंद पडतो. कसलाही निरोप येत नाही. स्टीमवर फक्त मूळ गेम घेतलेल्यांना हा झटका नेहमी बसतो.

आता पॅच. एपिकवर आधी एपिक गेम्स पॅचर, मग एक्सएनव्हीएसई, मग एफएनव्ही ४ जीबी पॅचर. हे सगळं आतल्या इंग्रजी फोल्डरमध्ये. एक्सएनव्हीएसईच्या फाइली फॉलआउटएनव्ही.एक्सईच्या शेजारी हाताने ठेवाव्या लागतात. मॉड ऑर्गनायझर त्याच्या आभासी पद्धतीने फक्त डेटा फोल्डरवर थर चढवतो, मुळाशी असलेल्या फोल्डरवर नाही. त्यातून एक्सएनव्हीएसई ‘मॉड’ म्हणून बसवला तर तो कधीच चढत नाही, आणि या चुकीत लोकांचे तासन्‌तास गेलेले दिसतात. ४ जीबी पॅचर चालल्यावर शेजारी फॉलआउटएनव्ही_बॅकअप.एक्सई तयार होते. ती तिथेच राहू द्या.

तपासणी लगेच करा. गेम सुरू करून टिल्डच्या कळीने कन्सोल उघडा आणि ‘गेटएनव्हीएसईव्हर्जन’ टाका. आकडा आला तर एक्सएनव्हीएसई चढला. आज्ञाच ओळखली गेली नाही तर चढला नाही, आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. गेम फोल्डरमधली एनव्हीएसई.लॉग ही साधी मजकूर फाइल आहे. पुढे डीएलएल प्लगइन घातल्यावर तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे तो नीट चढल्याची नोंद दिसली पाहिजे. मॉड लेखकांना अडचण सांगताना क्रॅशच्या वर्णनापेक्षा ही फाइल जास्त बोलते.

झेंडा लागला का हे पाहायचं असेल तर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणाऱ्या डम्पबिनला ‘हेडर्स’ हा पर्याय देऊन एक्सई दाखवा. शीर्षकाच्या माहितीत २ जीबीपेक्षा मोठे पत्ते हाताळता येतात अशी ओळ दिसते. दोन एक्सई एकच आहेत का हे ठरवायला सर्टयुटिलच्या हॅशफाइल आज्ञेने एसएचए२५६ काढून आकडे जुळवा. फाइलीच्या आकारावर किंवा तारखेवर विसंबू नका. आणि पॅच केलेली एक्सई कुणाला देऊ नका, कुणाकडून घेऊही नका. पॅचर आपली स्वतःची प्रत बदलतो, यातच ही सगळी पद्धत कायदेशीर राहते.

यादी हलवणं

मॉड ऑर्गनायझर पोर्टेबल पद्धतीने बसवला असेल तर त्याचा पूर्ण फोल्डर उचलता येतो: मॉड्स, प्रोफाइल्स, ओव्हरराइट, डाउनलोड्स. नंतर मॉडऑर्गनायझर.आयएनआय उघडून ‘गेमपाथ’ची ओळ नव्या फोल्डरकडे वळवा. त्याच फाइलीत खाली एफएनव्हीएडिटसारख्या बाहेरच्या साधनांचे मार्ग असतात, तेही बदला. तिथे एक जरी जुना मार्ग राहिला तर साधन स्टीमच्या प्रतीवर काम करत राहतं आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं.

डेटा फोल्डरमध्ये पूर्वी थेट टाकलेल्या फाइली हा खरा कचरा. त्या हलवू नका. स्टीमची पडताळणी बिघडलेल्या मूळ फाइली दुरुस्त करते, पण जादाच्या फाइली काढत नाही, त्यामुळे ‘व्हेरिफाय’ करून डेटा स्वच्छ होत नाही. एपिकचा नवाकोरा डेटा फोल्डर शेजारी उघडा. स्टीमकडे जे जास्तीचं आहे ते एकेक ओळखून मूळ डाउनलोडमधून मॉड ऑर्गनायझरमध्ये नव्याने बसवा. दोन तास जातात, पण पुढचे वीस वाचतात.

लोड ऑर्डरबद्दल एक गोष्ट या गेममध्ये नव्या बेथेस्डा गेमांहून वेगळी आहे. प्लगइन कोणत्या क्रमाने चढतात हे फाइलीच्या ‘बदलल्याची वेळ’ या नोंदीवरून ठरतं. अ‍ॅपडेटामधली प्लगइन्स.टीएक्सटी फक्त कोणते चालू आहेत एवढंच सांगते. फाइली क्लाउडवरून उतरवल्या किंवा काही प्रकारच्या संकुचित फाइलींतून उलगडल्या की वेळा बदलतात आणि क्रम विस्कटतो. मॉड ऑर्गनायझर स्वतः वेळा लावून देतो, म्हणून क्रमाची फाइल, म्हणजे प्रोफाइलमधली लोडऑर्डर.टीएक्सटी, नीट हलली का हे पाहा आणि गेम त्याच्यातूनच सुरू करा. एपिकच्या लाँचरमधून थेट सुरू केलात तर आभासी थर चढतच नाही आणि पुन्हा ‘मॉड दिसत नाहीत’ हे पहिलं लक्षण समोर येतं.

युप हा दुरुस्तीचा मॉड स्टीमवर मूळ गेमपुरता घेतलेला असणार. आता सर्व विस्तारांसह असलेली त्याची आवृत्ती घ्या आणि जुनी काढा. दोन्ही एकत्र ठेवू नका. जे मॉड विस्तारांसाठी वेगळी ईएसपी देतात त्यांचे इन्स्टॉलर परत चालवा.

जुने ‘स्थैर्याचे’ मॉड हलवण्याची ही संधी घेऊ नका. न्यू व्हेगास स्टटर रिमूव्हर आजच्या विंडोजवर स्वतःच क्रॅश घडवतो. त्याची जागा न्यू व्हेगास टिक फिक्सने घेतली आहे. तो काय करतो हे समजून घेण्यासारखं आहे. गेम वेळ मोजायला विंडोजचं जे घड्याळ वापरतो त्याची पावलं १० ते १६ मिलिसेकंदांची असतात, आणि ६० फ्रेमच्या वेगाला एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. पाऊल आणि फ्रेम जवळजवळ सारखे असल्याने काही फ्रेम दुप्पट लांब मोजल्या जातात, काही शून्याच्या. फ्रेमचा आकडा साठ दाखवत असतानाही हालचाल अडखळते ती त्यामुळे. टिक फिक्स अचूक घड्याळ जोडून देतो. एनव्हीएसी, म्हणजे अँटी क्रॅशही काढा. तो चुका दाबून गेम पुढे रेटतो आणि बिघडलेली स्थिती सेव्हमध्ये जाते. त्याऐवजी क्रॅश लॉगर बसवा, निदान कोणत्या मॉडच्या कोडमध्ये गेम पडला हे तरी दिसतं.

बीएसए डीकॉम्प्रेसर हे साधन मात्र नव्या प्रतीवर पुन्हा चालवावं लागतं, कारण ते मूळ बीएसए, म्हणजे गेमच्या आवाज-पोतांचे गठ्ठे, बदलतं. दाबलेल्या बीएसएमधले ओजीजी आवाज गेमच्या इंजिनला नीट वाजवता येत नाहीत. काही आवाज मूळ गेममध्ये ऐकूच येत नाहीत ते यामुळे. साधन चालवायच्या आधी डिस्कवर काही जीबी मोकळे ठेवा.

कोणत्या क्रमाने परत चालू करायचं

सत्तर प्लगइन एकदम चालू करून क्रॅश शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. आधी फक्त डीएलएल प्लगइन आणि टिक फिक्स. मग युप. मग इंटरफेस आणि एमसीएम, विराम मेनूत त्याची ओळ दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. मग नवे प्रदेश आणि मोहिमा, शेवटी पोत. प्रत्येक टप्प्यावर नवा खेळ, डॉक मिचेलच्या घरातून गुडस्प्रिंग्जमध्ये बाहेर, थोडं फिरून परत आत. आत-बाहेर जाण्यावर जोर दे‌ण्याचं कारण असं की बहुतेक गडबडी नवा विभाग चढताना उघड होतात, एका खोलीत उभं राहून नाही.

यादी मोठी असेल तर संख्येची मर्यादा लक्षात ठेवा. प्लगइनचा क्रमांक दोन हेक्स अंकांचा, म्हणून कागदावर २५५ पर्यंत जागा आहे. प्रत्यक्षात साधारण १४० च्या आसपास गेम विचित्र वागू लागतो: पोत गळतात, मजकूर गायब होतो. कारण एकाच वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतात यावरचं बंधन. मॉड लिमिट फिक्स हा छोटा प्लगइन ते वाढवतो. या प्रकरणात सत्तरच होते, पण विस्तारांचे नऊ ईएसएम आणि त्यांचे पॅच जोडता जोडता आकडा पटकन वर जातो.

जुन्या सेव्हचं काय? तिन्ही दुकानांची आवृत्ती तीच असल्याने सेव्ह उघडण्यात दुकान आडवं येत नाही. सेव्हच्या एफओएस फाइलीबरोबर त्याच नावाची एनव्हीएसई फाइलही हलवावी लागते. ती मागे राहिली तर एक्सएनव्हीएसईवर चालणारे मॉड आपली साठवलेली माहिती विसरतात. पण या प्रकरणात यादीच बदलली आहे: युपची आवृत्ती बदलली, जुने स्थैर्याचे मॉड गेले, हाताने टाकलेल्या फाइली गेल्या. सेव्हमध्ये काढलेल्या मॉडच्या स्क्रिप्टचे अवशेष राहतात आणि ते बरेच तास खेळल्यानंतर डोकं वर काढतात. म्हणून जुना खेळ स्टीमच्या प्रतीवर पूर्ण करा आणि एपिकवर नवा सुरू करा. विस्तारांसाठीच तर हे सगळं केलं.

गॉगची प्रत असती तर

याच यादीसाठी गॉगची प्रत सर्वांत कमी कष्टाची ठरते. कुलूप नाही, भाषांचे फोल्डर नाहीत, झेंडा आधीच लावलेला, विस्तार सगळे. वर सांगितलेल्यातून एपिक पॅचर वगळा, बाकी क्रम तोच. ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर जपून ठेवता येतो, पुन्हा उतरवायची गरज नाही. इंटरनेट मर्यादित असलेल्या गावी ही मोठी सोय आहे. नवी खरेदी करायची वेळ आली तर हीच घ्या. एपिकची फुकट मिळालेली असेल तर मात्र पुन्हा पैसे घालण्याचं कारण नाही. पॅच बसल्यानंतर दोन्ही सारख्याच चालतात.

तिन्ही दुकानांत एक बटण सारखंच धोक्याचं आहे: स्टीमचं व्हेरिफाय, एपिकचं व्हेरिफाय, गॉग गॅलक्सीचं रिपेअर. ते दाबलं की बदललेली फॉलआउटएनव्ही.एक्सई दुकानाला ‘बिघडलेली’ वाटते आणि मूळ एक्सई परत येते. उलगडलेल्या बीएसएही परत दाबलेल्या होतात. दुसऱ्या दिवशी एमसीएम गायब, कन्सोलला एनव्हीएसई माहीत नाही, आणि मधे कुणी काय केलं ते आठवत नाही. असं झालं तर मॉडांना हात लावू नका. एपिक असेल तर एपिक पॅचर, मग ४ जीबी पॅचर, मग बीएसए डीकॉम्प्रेसर, या क्रमाने परत चालवा आणि ‘गेटएनव्हीएसईव्हर्जन’ने खात्री करा. यादी जशीच्या तशी उठून उभी राहते.